दोन पेट्या : घरी बनविलेला अँप्लिफायर सुरक्षित कसा बसवावा

१४ एप्रिल असो, बुद्धपौर्णिमा असो की वर्षावासातील ग्रंथवाचन असो, करडीसारख्या गावात कार्यक्रम ठरला की पहिला प्रश्न निघतो, "माईकचे काय?" भाड्याचा संच आणायचा म्हणजे पैसे आले, गाडी आली, आणि लग्नसराईत तो मिळेलच असेही नाही. म्हणून आमच्यापैकी काहींनी मिळून स्वतःच अँप्लिफायर तयार केला. नागपूरहून सुटे भाग आणले, सर्किट जोडले, डाग दिले. आवाज निघाला तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला! पेटीचा विचार मात्र आम्ही सर्वांत शेवटी केला, आणि तीच आमची सर्वांत मोठी चूक ठरली.

पेटी म्हणून आम्ही एक पत्र्याचा जुना डबा घेतला. ट्रान्सफॉर्मर, सर्किट, सर्व काही त्यात कोंबले. मेन वायरसाठी खिळ्याने भोक पाडले व दोन पिनांचा प्लग लावला. काही महिने सर्व ठीक चालले. एका सायंकाळी विहाराची फरशी नुकतीच धुतलेली होती. एक विद्यार्थिनी अनवाणी पायांनी भाषणास उभी राहिली. माईकच्या जाळीला ओठ लागताच ती किंचाळून मागे सरली आणि माईक खाली पडला. सुदैवाने तिला इजा झाली नाही. डबा उघडून पाहिला तेव्हा कारण समोरच होते. पत्र्याच्या धारदार कडेवर घासून वायरचे आवरण फाटले होते व फेजची तार डब्याला टेकली होती. माईकचा धातूचा भाग त्याच्या वायरच्या जाळीमार्फत डब्याशी जोडलेला असतो. म्हणजे त्या मुलीने जणू बोर्डातल्या फेजलाच ओठ लावले होते.

हिशेब करून पाहू. ओल्या शरीराचा विरोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० व्होल्टला हजाराने भागले तर २३० मिलिअँपिअर प्रवाह होतो. माणसाच्या रक्षणासाठी घरात जी आरसीसीबी बसवितात ती ३० मिलिअँपिअरलाच वीज तोडते, कारण त्यापुढे हृदयाला धोका सुरू होतो. त्या दिवशी काय होऊ शकले असते हे वेगळे सांगणे न लगे. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, हा पाठ सर्किटाचा नाही, पेटीचा आहे. पेटी ही शोभेची वस्तू नसून माईक हाती धरणाऱ्याच्या जिवाची हमी आहे.

एक नव्हे, दोन पेट्या का?

आमचा संच साधा आहे. टीडीए २०३०ए हा आयसी, १२-०-१२ व्होल्ट ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, ४७०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे दोन कपॅसिटर आणि ८ ओहमचा स्पीकर. एवढ्यावर सुमारे १२ वॅट आवाज मिळतो. विहाराच्या सभागृहाला तो पुरेसा आहे. हा संच आम्ही आता दोन पेट्यांत विभागला आहे. पहिलीत वीजपुरवठा, दुसरीत अँप्लिफायर. ह्याची कारणे दोन.

पहिले कारण सुरक्षिततेचे. २३० व्होल्टची वीज फक्त पहिल्या पेटीत कोंडलेली राहते. ती पेटी कोपऱ्यात ठेवावी, तिला कोणी हात लावण्याचे कारण नाही. लोक ज्या पेटीची बटणे फिरवितात, जिच्यात माईक खुपसतात, तिच्यात फक्त १६-१७ व्होल्टची डीसी वीज जाते.

दुसरे कारण आवाजाचे. माईकमधून येणारा संकेत अवघा काही मिलिव्होल्टचा असतो आणि स्पीकरकडे जाताना तो दहा व्होल्टच्या घरात पोहोचतो. म्हणजे आत शिरलेला थोडासा दोषही हजारो पटींनी वाढून बाहेर पडतो. ट्रान्सफॉर्मरभोवती ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र असते. ते माईकच्या वायरीत शिरले की स्पीकरमधून अखंड "घुंऽऽ" असा आवाज येतो. हे क्षेत्र अंतराने झपाट्याने घटते. अंतर दुप्पट केले की ते साधारण एक अष्टमांश उरते. तेव्हा ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या पेटीत, हातभर दूर नेणे हाच घुं आवाजावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

पेटी धातूचीच का, ह्याचेही उत्तर पाहू. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात तो सात वर्षे उमेदवार होता आणि बांधणीला आलेली पुस्तके वाचूनच विज्ञानाकडे वळला. १८३६ साली त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फुटी चौकोनी पिंजरा उभारला, त्याला धातूने मढविले आणि स्वतः उपकरण घेऊन आत बसला. बाहेरून पिंजऱ्याला प्रचंड विद्युतभार दिला, ठिणग्या उडाल्या. पण आत त्याचा मागमूसही लागला नाही. आपली पत्र्याची पेटी म्हणजे त्याच पिंजऱ्याची छोटी आवृत्ती. आजूबाजूच्या वायरींचा विद्युत उपद्रव ती बाहेरच अडविते. मात्र ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने अडत नाही. त्यासाठी अंतरच हवे.

पहिली पेटी : वीजपुरवठा

टीव्हीच्या जुन्या स्टॅबिलायझरची लोखंडी पेटी ह्या कामी उत्तम. ती बहुधा भंगारात मिळते, तिला झाकण असते व हवेसाठी फटी असतात. आतील सर्व काढून टाकावे आणि पुढील क्रमाने काम करावे.

(१) वायरचे भोक ड्रिलने पाडावे, कानशीने कडा गुळगुळीत कराव्यात व त्यात रबरी ग्रोमेट बसवावा. आत वायरला पट्टीने घट्ट आवळावे. पेटी वायरीला धरून उचलली तरी आतल्या जोडावर ताण येता कामा नये.

(२) तीन तारांचीच वायर व तीन पिनांचाच प्लग वापरावा. हिरवी तार पेटीच्या पत्र्याला स्वतंत्र बोल्टने जोडावी. त्या जागेचा रंग खरवडून पत्रा उघडा करावा, दातेरी वायसर घालावे आणि नट पक्का आवळावा. हा बोल्ट दुसरे काहीही धरण्यासाठी वापरू नये. हिरवी तार इतर दोन तारांपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे वायर ओढली गेलीच तर ती सर्वांत शेवटी तुटेल.

(३) फेजची तार प्रथम फ्यूजकडे, तेथून स्विचकडे व मग ट्रान्सफॉर्मरकडे न्यावी. आमच्या ट्रान्सफॉर्मरला ५०० मिलिअँपिअरचा, सावकाश उडणारा फ्यूज पुरतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून तेथे तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे राखणदाराला झोपविणे होय. २३० व्होल्टच्या प्रत्येक जोडावर आवरणाची नळी चढवावी.

(४) प्रत्येक कपॅसिटरला समांतर २.२ किलोओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर जोडावा. स्विच बंद केल्यावर कपॅसिटर त्यातून अर्ध्या मिनिटात जवळजवळ रिकामे होतात.

(५) ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकावरून निघणारी शून्याची तार ह्याच पेटीत अर्थिंगला जोडावी. ट्रान्सफॉर्मरच्या आतील आवरण जळून २३० व्होल्ट दुसऱ्या बाजूला आलेच, तर ते जमिनीत जातील व फ्यूज उडेल. ही जोडणी नसेल तर दुसरी पेटीसुद्धा धोक्याची ठरते.

दोन पेट्यांना जोडणारी वायर धन, शून्य व ऋण अशा तीन तारांची असते. तिचा सॉकेट उलटा बसणार नाही असा घ्यावा. घरातील दोन पिनांचा प्लग येथे किंवा स्पीकरला कदापि वापरू नये. घाईत कोणी तो भिंतीच्या बोर्डात घातला तर काय होईल, ह्याची कल्पना करावी.

दुसरी पेटी : अँप्लिफायर

बंद पडलेल्या डीव्हीडी प्लेयरचा सांगाडा येथे चालतो. एका टोकाला माईकचा सॉकेट व त्याचे प्रीअँप्लिफायर सर्किट, तर दुसऱ्या टोकाला वीज व स्पीकरचे सॉकेट, अशी मांडणी असावी. येणारे व जाणारे एकाच दारात भेटले की अँप्लिफायर शिट्टी मारू लागतो. माईकची तार जाळीची असावी. वीजपुरवठ्याच्या तारा एकमेकींना पीळ देऊन पत्र्यालगत न्याव्यात.

शून्याच्या सर्व तारा, म्हणजे इनपुटची, स्पीकरची व वीजपुरवठ्याची, एकाच बिंदूवर आणाव्यात आणि त्या बिंदूपासून एकच तार पेटीच्या पत्र्याला जोडावी. माईकचा सॉकेट पत्र्यापासून अलग ठेवावा. पत्र्याला दोन-तीन ठिकाणी शून्य जोडले की वाटा अनेक होतात, त्यांतून प्रवाह फिरतो व घुं आवाज परत येतो.

आता उष्णतेचा प्रश्न. १६ व्होल्टच्या पुरवठ्यावर व ८ ओहमच्या स्पीकरवर हा आयसी जास्तीत जास्त साडेसहा वॅट उष्णता बाहेर टाकतो. आयसीच्या आतून हीटसिंकपर्यंत दर वॅटला सुमारे ४ अंश आणि साध्या हीटसिंकपासून हवेपर्यंत ५ अंश, असे एकूण ९ अंश धरू. साडेसहा गुणिले नऊ म्हणजे सुमारे ५८ अंश. मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात पारा ४५ च्या आसपास असतो, मांडवात पेटीभोवतीची हवा ५० धरू. बेरीज १०८ होते. १५० अंशांना आयसी स्वतःहून बंद पडतो, तेव्हा हे चालते. पण कोणी उत्साहाने ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार ४ ओहमचा होतो, उष्णता १३ वॅट होते आणि बेरीज १६७ वर जाते. भर भाषणात आवाज बंद पडतो आणि दोष मात्र सर्किटाला लागतो. म्हणून हीटसिंक पेटीच्या मागे, बाहेर लावावा. त्याची पाती उभी ठेवावीत, म्हणजे तापलेली हवा सरळ वर जाईल. पेटीवर हार, रुमाल वा पुस्तके ठेवू नयेत.

येथे एक गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात. ह्या आयसीचा धातूचा कान आतून ऋण पुरवठ्याला जोडलेला असतो. तो थेट हीटसिंकवर आवळला तर पुरवठा पत्र्यामार्फत शॉर्ट होतो. मध्ये अभ्रकाची चकती, दोन्ही अंगांना उष्णतावाहक पेस्ट व स्क्रूला नायलॉनचा बुश हवाच.

तसेच आयसी घेताना नावातील शेवटचा "ए" पाहून घ्यावा. "ए" नसलेल्या टीडीए २०३० ची मर्यादा १८ व्होल्ट आहे, "ए" असलेल्याची २२. रात्री गावातील भार उतरला व लाईन वाढली की आपला पुरवठा १८ पर्यंत चढू शकतो.

चालू करण्यापूर्वी

प्लग भिंतीत न घालता मल्टिमीटर घ्यावा. प्लगच्या मोठ्या पिनेपासून पहिल्या पेटीच्या उघड्या धातूपर्यंत एक ओहमपेक्षा कमी विरोध दिसला पाहिजे. दोन पेट्या जोडून दुसरीच्या पत्र्यापर्यंतही तसेच पाहावे. उरलेल्या दोन पिनांपासून पेटीपर्यंत, स्विच चालू ठेवूनही, काहीच जोड दिसता कामा नये. आयसीचा कान व पेटी ह्यांच्यात थेट जोड नाही, हेही पाहावे. हे जमले तरच पुढे जावे. पहिल्यांदा वीज देताना ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये ठेवावा. तो क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. तेजाने पेटतच राहिला तर कोठेतरी शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करावे. नंतर स्पीकर न जोडता आउटपुटवर डीसी मोजावी. ती ५० मिलिव्होल्टपेक्षा कमी असेल तरच स्पीकर जोडावा. शेवटी तासभर चालवून हीटसिंकला हात लावून पाहावा.

एवढे करूनही एक गोष्ट उरते, आणि ती आपल्या पेटीत नाही, भिंतीत आहे. पुष्कळ ठिकाणी बोर्डाच्या तिसऱ्या छिद्रामागे तारच नसते, किंवा असलेली तार कोरड्या मातीत नुसती खोचलेली असते. अशा छिद्रात आपली हिरवी तार गेली काय आणि न गेली काय, सारखेच. विहाराचे, समाजमंदिराचे व आपल्या घराचे अर्थिंग वायरमनकडून वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यात जमीन कोरडी असताना, तपासून घ्यावे व ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. घुं आवाज जावा म्हणून हिरवी तार कापण्याचा सल्ला देणारे भेटतील. त्यांचे ऐकू नये. तो आवाज घालविण्याचे मार्ग वर सांगितले आहेत. गेलेला जीव आणण्याचा मार्ग नाही.

आज बाजारात तयार बोर्ड व अडॅप्टर स्वस्तात मिळतात. मग घरी का बनवावे, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, ज्याने स्वतः पेटी बांधली त्याला विकतच्या पेटीतील खोटही ओळखता येते. आपल्या गावात लग्नात, मंडईत, नाटकाच्या तंबूत किती संच दोन पिनांवर चालतात हे विद्यार्थ्यांनी एकदा मोजून पाहावे, आणि जेथे शक्य आहे तेथे तिसरी पिन लावून द्यावी.

ती विद्यार्थिनी पुढे काही दिवस माईकला हात लावायला धजत नव्हती. नवी पेटी बांधून झाल्यावर आम्ही झाकण उघडून तिला हिरवी तार, तिचा बोल्ट व फ्यूज दाखविला. तिने स्वतः मल्टिमीटर धरून आकडा पाहिला आणि मगच ती बोलायला उभी राहिली. आमच्या कामाची ह्याहून मोठी पावती आम्हाला नको आहे.