तोडण्याआधी वाच

प्रताप नगर, नागपूर

चि. सोनूस,


तुझा प्रोग्राम वाचला. स्वल्पविरामावर पत्ता तोडून वस्तीचं नाव तू दरवेळी दुसऱ्या तुकड्यातून उचलतेस. ‘प्लॉट १२, प्रताप नगर, नागपूर’ असेल तर जमतं. पण आपल्याकडे लोक ‘प्लॉट १२, हनुमान मंदिराजवळ, प्रताप नगर, नागपूर’ असंही लिहितात. मग तुझ्या यादीत वस्ती म्हणून ‘हनुमान मंदिराजवळ’ जातं, आणि प्रोग्राम कुठेही अडत नाही. म्हणूनच ही चूक मला फार धोक्याची वाटते. पत्त्याची सुरुवात हवी तशी लांबते, शेवट सहसा ठरलेला असतो. तेव्हा पायथनचं आरस्प्लिट वापर आणि उजवीकडून दोनच काप घे. त्यातही कुणी शेवटी स्वल्पविराम देऊन ४४००२२ जोडलं की गणित चुकणारच. म्हणून पिनकोड आधी वेगळा काढ आणि साच्यात न बसणाऱ्या ओळी बाजूला ठेव.

रिकाम्या तुकड्यांना मात्र हात लावू नकोस. लागोपाठ दोन स्वल्पविराम म्हणजे मधला रकाना कुणी भरला नाही. तो गाळलास तर पुढचं सगळं एक घर सरकतं. सीचं स्ट्रटॉक असे विभाजक एकच धरतं, वर मूळ मजकूरही बदलून टाकतं. जावाचं स्प्लिट शेवटचे रिकामे तुकडे आपणहून टाकून देतं. ते हवे असतील तर मर्यादा उणे एक द्यायची. सीएसव्ही फाईल तर हाताने तोडूच नकोस. अवतरणचिन्हांतला स्वल्पविराम मजकुराचा असतो, रकान्याचा नव्हे. त्यासाठी पायथनमध्ये तयार मॉड्यूल आहे.

जुने मोडी कागद कधी बघ. शब्द एकमेकांना चिकटलेले, विरामचिन्ह औषधालाही नाही. कुठे तोडायचं ते वाचणारा अर्थ लावून ठरवायचा. मेजर कँडींनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली; पुढे ही चिन्हं मराठीत रुळली आणि वाचणाऱ्याचं काम हलकं झालं. तुझ्या स्प्लिटला अर्थ लावता येत नाही, त्याला फक्त खूण दिसते. ती खूण लिहिणाऱ्याने कशासाठी घातली, हे तुलाच शोधावं लागेल.

तेव्हा आधी फाईल उघड आणि निदान पन्नास ओळी डोळ्यांखालून घाल. यादी ज्यांनी भरली त्यांना फोन करून विचार, माहिती नसेल तिथे ते रकाना रिकामा सोडतात की रेघ मारतात. मग प्रोग्राम दुरुस्त करून पाठव, रविवारी निवांत बघतो.

तुझा,
मामा