शब्द आणि वस्तू : मध्य आफ्रिकेतील अस्थिरक्षक शिल्पे

१. प्रास्ताविक
परक्या संस्कृतीतील वस्तूला आपल्या भाषेतील शब्द लावला की, त्या शब्दाचा अर्थसंदर्भही तिला नकळत चिकटतो. फांग समाजाच्या काष्ठशिल्पांना 'मूर्ती' म्हटल्यास काय घडते, ते या पाठात पाहू.

२. विषय-विवेचन
२.१ पेटी आणि पहारेकरी : फांग लोक गॅबन, विषुववृत्तीय गिनी व दक्षिण कॅमेरून येथे राहतात. कुळातील थोर पूर्वजांच्या कवट्या व अस्थी ते झाडाच्या सालीच्या गोल पेटीत जपत. या पूर्वजपूजेला 'ब्येरी' म्हणतात. पेटीवर लाकडी मस्तक किंवा पूर्ण आकृती बसवीत. दीक्षा न झालेल्यांपासून अस्थींचे रक्षण करणे, हे तिचे काम. शिकार, युद्ध वा स्थलांतरापूर्वी पूर्वजांचा कौल घेत.

आकृतीचे डोके मोठे व पाय आखूड, म्हणजे अर्भकासारखे. चेहरा मात्र प्रौढ आणि गंभीर. अशा विरोधी गुणांच्या तोलातच फांगांना चैतन्य जाणवते, असे मानवशास्त्रज्ञ जेम्स फर्नांडिस यांनी दाखवले आहे.

शेजारच्या कोटा समाजात लाकडी गाभ्यावर तांब्या-पितळेचे पत्रे मढवीत आणि आकृतीचा शंकरपाळ्याच्या आकाराचा खालचा भाग अस्थींच्या करंडीत रोवीत.

२.२ नावाने केलेली ताटातूट : आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेनंतर मूर्तीत देवतेचा वास मानला जातो. येथे पावित्र्य अस्थींचे होते. आकृती बदलता येई, अस्थी नव्हे. मिशनऱ्यांनी आकृतीला दैवत समजून तिचा निषेध केला. संग्राहकांनी तिला 'कलाकृती' म्हणून नेले. दोन्ही शब्दांनी पेटी मात्र नजरेआड केली. एक विख्यात फांग मस्तक पॅरिसचे कलाव्यापारी पॉल गिय्योम व शिल्पकार जेकब एपस्टाईन यांच्या संग्रहांतून पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पोहोचले. अशा काही शिल्पांच्या लाकडातून पूजेच्या वेळी चोळलेले पाम तेल आजही पाझरते. पहारेकरी काचेआड उभा आहे. ज्यांच्यासाठी तो घडला, ते पूर्वज त्याच्यापाशी नाहीत.

३. सारांश
'मूर्ती' आणि 'कलाकृती' हे दोन्ही शब्द आकृतीपाशी थांबतात. 'अस्थिरक्षक' हा शब्द आपल्याला पेटीपर्यंत नेतो. म्हणून पारिभाषिक शब्द निवडताना वस्तू दिसते कशी, याआधी ती करते काय, हे पाहावे.

४. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१) ब्येरी परंपरेतील पेटी व आकृती यांचा परस्परसंबंध स्पष्ट करा.
२) आपल्या घरातील देव्हाऱ्यातील 'टाक' या वस्तूसाठी 'चित्र' हा शब्द का अपुरा पडतो, ते सोदाहरण लिहा.