कूलरचा वारा आणि घरातील हवेची वाट

पुरानी बस्ती हा रायपूर शहराचा जुना भाग होय. महामाया मंदिर आणि दूधाधारी मठाचा हा परिसर, छत्तीसगडच्या अन्य भागाप्रमाणेच, १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. नागपूरशी त्याचे आणखी एक साम्य आहे. इमारतविषयक हवामान-वर्गीकरणात दोन्ही शहरे 'संमिश्र' विभागात मोडतात. येथे उन्हाळा कोरडा व तीव्र, तर पावसाळा दमट असतो. त्यामुळे मे महिन्यात उपयोगी पडणारा कूलर जुलैमध्ये निरुपयोगी का ठरतो, हे येथे घरोघरी अनुभवास येते.

कूलरचे कार्य बाष्पीभवनावर चालते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल अप्रकट उष्मा शोषला जातो. विजेच्या भाषेत हे सुमारे ०.६७ युनिट होते. मात्र हवा किती थंड होईल, याची मर्यादा ओल्या फुग्याच्या तापमापीवरील तापमान ठरवते. हवा ४४ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असल्यास हे तापमान सुमारे २३ अंश असते. ८० टक्के कार्यक्षमतेचा कूलर अशा वेळी सुमारे २७ अंशांची हवा देतो. याउलट ३२ अंश व ८० टक्के आर्द्रता असताना दोन-अडीच अंशांपलीकडे फरक पडत नाही. तेव्हा पंप बंद ठेवून केवळ पंखा चालवणेच शहाणपणाचे.

वातानुकूलन यंत्रासाठी खोली बंद ठेवावी लागते, कूलरसाठी उघडी. हा भेद न कळल्याने बरेच नुकसान होते. कूलर बाहेरची कोरडी हवा आत ढकलतो. तेवढीच हवा बाहेर पडली नाही तर दाब वाढून प्रवाह मंदावतो आणि खोली दमट होते. जुन्या वस्त्यांत ही अडचण विशेष जाणवते. घरे एकमेकांस लागून, खिडकी केवळ गल्लीकडे. पूर्वी हवा अंगणाकडे वा कवेलूंच्या फटींतून निघून जाई. कवेलूंच्या जागी स्लॅब आला आणि अंगण झाकले गेले, की ती वाट बंद होते. मग लोक मोठा कूलर आणतात. दोष मात्र कूलरचा नसतो.

तपासणी सोपी आहे. पेटती उदबत्ती कूलरपासून दूरच्या दारापाशी, पडद्यांपासून जपून धरावी. धूर ठामपणे बाहेर ओढला गेला तर वाट मोकळी आहे. तो घोटाळत राहिला तर नाही. प्रवाह मोजायचा असल्यास वेगास क्षेत्रफळाने गुणावे. कूलरच्या ०.४ मीटर चौरस तोंडातून सरासरी ४ मीटर प्रतिसेकंद वेगाने हवा येत असेल, तर तासाला सुमारे २,३०० घनमीटर हवा मिळते. ४ × ४ × ३ मीटरच्या खोलीतील ४८ घनमीटर हवा त्यामुळे ७५ सेकंदांत बदलते. बाहेर जाणारी वाट किमान कूलरच्या तोंडाएवढी, शक्यतो दीडपट आणि समोरच्या बाजूस असावी. कूलरशेजारचीच खिडकी उघडल्यास थंड हवा खोलीत न फिरता निसटते. एकच खिडकी असेल, तर आतले दार उघडून हवा मागच्या खोलीतून अंगणाकडे वा जिन्याकडे न्यावी.

यानंतर वाळ्याच्या ताट्या पाहाव्यात. क्षार व धूळ साचली की हवा अडते. ताटीचा काही भाग कोरडा राहिल्यास तेथून गरम हवाच आत येते. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. कूलरला हात लावण्यापूर्वी प्लग काढावा. ओल्या पत्र्याला अर्थिंग नसणे जीवघेणे ठरते.

राष्ट्रीय पातळीवर मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेल्या भारत शीतकरण कृती आराखड्याने २०३७-३८ पर्यंत शीतकरणाची मागणी २० ते २५ टक्के आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्के कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. जानेवारी २०२० पासून खोलीच्या वातानुकूलन यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवणे बंधनकारक झाले. तत्पूर्वी डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या 'इको निवास संहिते'ने निवासी इमारतींत उघडणाऱ्या खिडक्या-दारांचे किमान प्रमाण सांगितले. ही संहिता मुख्यतः नव्या बांधकामांसाठी आहे. गल्लीतल्या जुन्या घरात ते काम घरमालकाला स्वतःच, बहुधा दाराच्या वर एक झरोका पाडून, करावे लागते.