कुत्र्या-मांजरांच्या दातांच्या वाढीतील दोष

बैल खरेदी करताना त्याचे दात पाहिल्याशिवाय अंबाजोगाई परिसरातील शेतकरी इसार देत नाही. जनावर दोन दाती, चार दाती की जुळलेले, हे तो क्षणात सांगतो. परंतु ज्या कुत्र्याच्या भरवशावर बालाघाटच्या माळावर मेंढ्यांचा कळप रात्र काढतो, त्याच्या तोंडात सहसा कोणी डोकावत नाही. धान्य उंदरांपासून राखणाऱ्या मांजराची तर गोष्टच नको.

कुत्र्यास दुधाचे २८ व कायमचे ४२ दात असतात. मांजरास अनुक्रमे २६ व ३०. दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून दिसू लागतात. कायमचे दात साधारणतः तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून येऊ लागून सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत पूर्ण होतात. पिलाची खरी तपासणी याच काळात व्हावयास हवी.

नेहमी आढळणारा दोष म्हणजे दुधाचा सुळा न पडणे. खालून येणाऱ्या नव्या दाताबरोबर दुधाच्या दाताचे मूळ झिजत जाऊन तो गळून पडतो. तसे न झाल्यास खालच्या जबड्यातील नवा सुळा जुन्याच्या आतील बाजूस उगवतो व तोंड मिटताच त्याचे टोक टाळूस टोचते. जखमेत अन्न अडकते, पिलू भाकरी सोडून बाजूला होते आणि मालक त्याला खोडकर किंवा नाजूक समजतो. जखम खोल गेल्यास टाळूस भोक पडून ते नाकापर्यंत पोहोचू शकते. म्हणून एका जागी दुधाचा व कायमचा असे दोन दात एकाच वेळी दिसले की पिलू विनाविलंब पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. शहरात पाळल्या जाणाऱ्या लहान जातींत हा दोष अधिक. मांजरांत तो क्वचित दिसतो.

हा दात घरी पकडीने उपटण्याचा मोह टाळावा. दुधाच्या सुळ्याचे मूळ त्याच्या दिसणाऱ्या भागाहून लांब व बारीक असते. ते आत मोडून राहते, शिवाय शेजारच्या नव्या दातास इजा होते. हे काम भूल देऊनच व्हावे.

एखादा दात मुळीच दिसत नसेल, तर तो उपजलाच नाही असे मानू नये. हाडात अडकलेल्या दाताभोवती द्रवाची गाठ होऊन जबडा पोखरला जाऊ शकतो. क्ष-किरण चित्राने याचा उलगडा होतो. उदगीर व परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. क्वचित जादा दातही आढळतो. गर्दी होत नसल्यास त्याची चिंता नको.

दातावर तपकिरी खड्डे किंवा पट्टे दिसल्यास पिलाच्या लहानपणीची आजारपणे आठवावीत. दातावरील कठीण कवच तयार होत असताना डिस्टेंपर रोग किंवा तीव्र ताप आला, तर ते कवच अपुरे राहते. गाभण कुत्रीस किंवा लहान पिलास टेट्रासायक्लिन दिल्यासही दात पिवळे पडतात. डिस्टेंपरविरुद्ध लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून टोचता येते व ती पुन्हा द्यावी लागते.

जबडे एकमेकांवर नीट न बसणे हा दोष बहुधा आनुवंशिक असतो. लातूर जिल्ह्यात कारवानी व पश्मी कुत्री हौसेने पाळली जातात. अशा लांब, निमुळत्या तोंडाच्या जातींत खालचा जबडा आखूड असलेला नर, दिसण्यास कितीही देखणा असला तरी, पैदाशीस वापरू नये.

येथे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक सावधगिरी कटाक्षाने पाळावी. कुत्र्याचा जबडा लोंबत असेल, लाळ गळत असेल, त्यास गिळता येत नसेल किंवा स्वभाव एकाएकी बदलला असेल, तर घशात हाड अडकले असेल या समजुतीने तोंडात हात घालू नये. ती रेबीजची लक्षणे असू शकतात. लाळ जखमेस लागल्यास किंवा चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. निरोगी पिलाची तपासणी मात्र मालकाने धरून ओठ हलकेच वर करून करावी. तोंड उघडण्याचीही गरज पडत नाही.

दात काढल्यानंतर पिलास आठवडाभर मऊ भिजवलेली भाकरी द्यावी व हाड चघळण्यास देऊ नये.