खिडकी का खडखडते?

एस.टी. थांब्यावर उभी आहे, इंजिन चालू आहे आणि खिडकीची काच कान किटवते आहे. गाडीने वेग घेतला की तीच काच गप्प होते! असे का?

सहा सिलिंडरांचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १० फेरे होतात. दर फेऱ्यात ३ स्फोट, म्हणजे सेकंदाला ३० धक्के. सैल काचेची स्वाभाविक कंप्रता याच्या आसपास असली की अनुस्पंदन होते. वेळेवर ढकललेला झोपाळा चढत जातो, तसेच. इंजिनाचा वेग वाढताच हा मेळ मोडतो.

आता वहीच्या कागदाची घडी फटीत खोचून पाहा. (तिकीट नको, तपासनीस यायचा!) काच घट्ट बसल्याने तिची कंप्रता बदलते, शिवाय कागद थोडी ऊर्जा शोषतो. रबरी पट्टीचे कामही हेच. ती झिजली की खडखड सुरू.

मागच्या बाकावरचे धक्के मात्र घडीने थांबत नाहीत. तो बाक मागच्या चाकांच्याही मागे असतो.