पाठ ९ : दोन मण्यांचा बाबा

वाचण्यापूर्वी : तुमच्या आवडत्या गायकाचा कार्यक्रम तुम्ही समोर बसून पाहिलाय, की फक्त पडद्यावर? घरी सांगा, मग पाठ वाचा.

मुलांनो, टेलर स्विफ्ट हे नाव तुम्हाला माहीत असणारच. मार्च २०२४ मध्ये तिने सिंगापूरच्या नॅशनल स्टेडियममध्ये सहा कार्यक्रम केले. त्यांची तिकिटं आदल्या वर्षी जुलैमध्येच विक्रीला आली होती. मी आयटीवाला. लॅपटॉप, फोन, टॅब, सगळं समोर मांडून ऑनलाइन रांगेत बसलो. पण आमचा नंबर काही लागला नाही.

माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. ती रडली नाही, नुसती हिरमुसून बसली.

त्याच दिवसांत आमच्या घरी आणखी एक कुरबुर चालू होती. तिला शनिवारचा मराठीचा वर्ग सोडायचा होता. वाचताना जोडाक्षर आलं की ती अडखळायची आणि मी लगेच चूक दाखवायचो. एकदा पुस्तक मिटून ती म्हणाली, "बाबा, मराठी वाचताना मला मी ढ वाटते." यावर काय बोलावं, मला सुचलंच नाही.

मग २०२३ च्या अखेरीस त्याच कार्यक्रमाचा चित्रपट आला. या चित्रपटात गोष्ट नसते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सोफाय स्टेडियममध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये झालेल्या कार्यक्रमांचं हे चित्रण. दिग्दर्शक सॅम रेंच. अशा चित्रणासाठी मैदानात ठिकठिकाणी कॅमेरे लावतात. एक गायिकेचा चेहरा टिपतो, एक नाचणाऱ्यांचे पाय, एक वरून सगळी गर्दी. नंतर त्यातले तुकडे निवडून गाण्याच्या तालावर जोडतात. म्हणून मागच्या रांगेतल्या माणसाला स्टेडियममध्ये जे दिसत नाही, ते आपल्याला थिएटरात दिसतं.

वुडलँड्समधल्या आमच्या ब्लॉकखालून थिएटरकडे चालताना लेक म्हणाली, "पण हे खरं नाही ना बाबा? खरं तर स्टेडियममध्ये असतं."

तेव्हा मी तिला माझ्या आजीची गोष्ट सांगितली. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत. दर आठवड्याला एक नवं गीत. आजीच्या घरी रेडिओ नव्हता. ती शेजारच्या वाड्यात जाऊन ऐकायची. काही घरांत तर लोक रेडिओला हार घालायचे. आजीने फडक्यांना कधीच समोर पाहिलं नाही. पण ती गाणी तिला म्हातारपणीही पाठ होती. मग तिचं ऐकणं खोटं होतं का?

लेक काहीच बोलली नाही. पण तिची चाल जरा भरभर झाली.

चित्रपट जवळजवळ पावणेतीन तासांचा. पहिल्याच गाण्याला मुलं खुर्च्या सोडून पुढे नाचायला गेली. माझी लेकही गेली. मी मराठी शाळेत शिकलो. ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलतो, पण गाण्यातलं भरभर इंग्रजी मला कळेना. मध्येच ती धापा टाकत परत आली. माझा चेहरा बघून कानाशी लागली आणि प्रत्येक गाणं कशाबद्दल आहे, ते मराठीत सांगू लागली. एकदा मी चुकीचा अर्थ लावला. ती हसली नाही. "असू दे बाबा, पहिल्यांदा नाही कळत," एवढंच म्हणाली आणि पुन्हा सांगितलं.

खरं सांगतो, अंधारात मला माझीच लाज वाटली. मी तिला असं कधी म्हणालो होतो?

टेलरचे चाहते अक्षरांच्या मण्यांची ब्रेसलेट करून एकमेकांना देतात. थिएटरातही मुली ती बदलून घेत होत्या. दुसऱ्या दिवशी लेक मण्यांचा डबा घेऊन बसली. त्यात इंग्रजी अक्षरंच होती. तिने कोरे पांढरे मणी शोधले, मार्कर घेतला आणि माझ्यासाठी एक ब्रेसलेट केलं : बा, बा. "इंग्रजीत चार मणी लागले असते. मराठीत दोनच!"

मग ती टेलरच्या नावाकडे वळली. टे, ल, र. पुढे थांबली. मी गप्प राहिलो. तिने हळूच एका मण्यावर 'स्वि' लिहिलं आणि दुसऱ्यावर 'फ्ट'. दोन्ही जोडाक्षरं!

वर्ग सोडायचा की नाही, हे आम्ही त्या दिवशी ठरवलं नाही. पण शनिवारी ती लॅपटॉपसमोर बसली, तेव्हा मी पाठीमागे उभा राहिलो नाही. मी स्वयंपाकघरात गेलो. मनगटावर माझे दोन मणी होते.

शब्दार्थ
लेक – मुलगी
हिरमुसणे – मन खट्टू होणे
कुरबुर – बारीकसारीक भांडण
ढ – अभ्यासात कच्चा
चाहते – एखाद्याची कला मनापासून आवडणारे लोक

स्वाध्याय
१. आजी 'गीतरामायण' कुठे जाऊन ऐकायची? का?
२. थिएटरात बाबांना स्वतःची लाज का वाटली? तुमच्या शब्दांत सांगा.
३. 'स्विफ्ट' या शब्दातली दोन जोडाक्षरं फोडून लिहा.
४. तुमचं नाव मराठीत लिहायला किती मणी लागतील? इंग्रजीत किती?
५. आई, बाबा किंवा आजीआजोबांना त्यांचं आवडतं गाणं विचारा. ते त्यांनी पहिल्यांदा कुठे ऐकलं? पाच वाक्यं लिहा. चुका झाल्या तर असू देत.