कृपेचा हिशेब मांडू नका

पोरांनो, आता शिक्षणाला, नोकरीला तुम्ही घराबाहेर चाललात. रविवारी हाक मारून उपासनेला पाठवणारं तिथे कुणी नसेल. म्हणून माझ्या आईने आणि सासूबाईंनी मला जे सांगितलं आणि जे मी संसारात वापरून पाहिलं, ते तुमच्या कानावर घालते. सगळ्याच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. पौलाने इफिसच्या मंडळीला लिहिलं तसं तारण कृपेने मिळतं. ती आपल्या कामाची मजुरी नाही. देवाने आपला हिशेब ठेवला नाही, मग आपणही कुणाचा ठेवू नये.

सकाळी आधी आभार, मग मागणं. मोबाइल हातात घ्यायच्या आधी दोन मिनिटं बसा. ‘सगळ्याबद्दल आभार’ असं मोघम म्हणू नका. काल कुणी बसायला जागा दिली, कुणी डबा वाटून घेतला, ते आठवून त्यांच्या नावानिशी आभार माना. प्रार्थनेत दुसऱ्याचं नाव आलं तर ते त्याच्या भल्यासाठीच यावं. मंदिरात उभं राहून जकातदाराशी स्वतःची तुलना करणारा प्रभूच्या दाखल्यातला परूशी आठवा. आणि एखाद्या दिवशी प्रार्थना राहिली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका. ते कर्जाचे हप्ते नव्हेत.

प्रभुभोजनाआधी भांडण मिटवा. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, असं प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं. म्हणून प्रभुभोजन कोणत्या रविवारी आहे ते पाहून ठेवा आणि आदला आठवडा याच कामाला द्या. मेसेज पाठवू नका, जाऊन भेटा. ते जमत नसेल तर फोन करा. ‘माझं चुकलं’ म्हटल्यावर पुढे ‘पण’ जोडू नका. समोरच्याने लगेच माफ केलं नाही तर त्याला वेळ द्या, मागे लागू नका.

लग्न झालं की सूर्य मावळायच्या आत राग सोडण्याचा उपदेशही लक्षात ठेवा. वाद त्याच रात्री सुटलाच पाहिजे असं नाही. ‘उद्या बोलू, पण मनात राग नाही’ एवढं म्हणून झोपलात तरी पुष्कळ झालं. मात्र मारहाण सोसणं म्हणजे क्षमा नव्हे. हात उगारणाऱ्यापासून आधी दूर व्हा, घरच्यांना सांगा. क्षमा दूर राहूनही करता येते.

दान पगाराच्या दिवशीच बाजूला काढा. महिनाअखेरीस उरलं तर देऊ, असं म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही. दशांश जमला तर उत्तम. नसेल जमत तर जमेल तेवढं द्या, पण आधी काढा. आणि दिलं की देव दुप्पट करून परत देतो, असं कुणी सांगू लागला तर त्याचं ऐकू नका. त्याने दानाचा व्यवहार केला.

आजाऱ्याकडे गेलात तर आधी गप्प बसा. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून ते त्याच्या दुःखाची कारणं सांगू लागले आणि तिथेच चुकले. ‘देवाची काही योजना असेल’ हे वाक्य रुग्णाच्या उशाशी बोलू नका. त्याच्या घरी दूध आणून द्या, पोरांना शाळेतून आणा.

विश्वास आटल्यासारखा वाटला तर घाबरू नका. रोज एक स्तोत्र वाचा. दीडशे स्तोत्रं पाच महिन्यांत होतात. त्यात आनंद आहे तसा आक्रोशही आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते देवापुढेच म्हटलेलं आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनीच पुढे लिहिलं. तो मिळायला आणखी आठेक वर्षं गेली. केडगावचं मुक्ती मिशन उभारणाऱ्या बाईला एवढा वेळ लागला, तर तुम्ही दोन महिन्यांत निराश होऊ नका.

दुसऱ्याच्या श्रद्धेची घाई करू नका. नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली. सोवळ्या-ओवळ्याच्या कडक घरात वाढलेल्या त्या बाईचं मन आतून बदलायला तेवढा काळ लागला. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचा, म्हणजे जातिभेद माणसाने केला हे त्यांना स्वतःच्याच विचाराने कसं उमगलं ते कळेल. तुमच्या खोलीत, ऑफिसात, उद्या कदाचित घरातही वेगळ्या मताचं माणूस असेल. त्याच्याशी वाद जिंकायला जाऊ नका. त्याच्या अडीनडीला उभे राहा आणि त्याने विचारलं तरच विश्वासाबद्दल सांगा.

दुसऱ्याचं भलं खुपलं की सावध व्हा. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही धन्याने पूर्ण दिवसाचाच दिनार दिला, आणि सकाळपासून राबलेले कुरकुरले. हे आपल्याही मनात होतं. नंतर लागलेल्याला बढती मिळते, वाया गेलेला भाऊ परत येतो आणि घरचे त्याला डोक्यावर घेतात. मन कडवट झालं की समजा, आपण पुन्हा हिशेबाला बसलो. तेव्हा त्याच दिवशी त्याच माणसाकडे जा आणि तोंडभरून अभिनंदन करा. मन तयार नसलं तरी पाय पुढे टाका. मन मागून येतं.